बाईकला अॅक्सेसरी फ्यूज बॉक्स घरच्या घरी कसा बसवायचा

मागच्या मे महिन्यात सीट काढली तर बॅटरीच्या प्लसवर पाच थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात ती धातूची कडी). एक कंपनीचं ओरिजिनल, एक फॉग लाईटचं, एक मोबाईल चार्जरचं, एक डबल हॉर्नचं, आणि पाचवं कशाचं ते मला शेवटपर्यंत आठवलंच नाही. एवढी चळत झाल्यावर बोल्ट कुठून पुरणार, नट कसाबसा दोन आट्यांवर धरून होता. आणि मी इकडे महिनाभर हैराण, गाडी रामटेकहून येताना मधेच झटका देऊन बंद पडायची, दोन मिनिटांनी आपोआप चालू व्हायची, मी प्लग बदलला, पेट्रोलला नावं ठेवली, आणि निघाला हा ढिला बोल्ट.

पण खरी भीती वाटली ती त्या पाचव्या वायरीची. ती टाकीखालून पुढे गेली होती आणि तिथे नुसती कापून काळी टेप गुंडाळून सोडलेली. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, ४५ डिग्रीत उन्हात उभ्या गाडीच्या टाकीखाली त्या टेपचा डिंक वितळून पार गुळाच्या पाकासारखा झाला होता, टेप सरकून मागे आलेली आणि तांबं उघडं, फ्रेमपासून बोटभर अंतरावर. त्या वायरीला फ्यूज नव्हता. वर पेट्रोलची टाकी. कोणी बसवली म्हणाल तर मीच, कधीतरी, घाईत.

त्या रविवारी सगळं उपटलं आणि फ्यूज बॉक्स बसवला. एक दिवस गेला, खर्च दीड हजाराच्या आत. कसं केलं ते सगळं लिहून राहिलो, कारण आमच्या ग्रुपमधले तीन-चार जण हेच विचारत होते आणि व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगून जमत नाही हे.

फ्यूज कोणाला वाचवतो

आधी हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं वायरी जोडणं होतं. बहुतेकांना वाटतं फ्यूज लाईट किंवा चार्जर वाचवायला असतो. नाही. फ्यूज वायर वाचवतो. चार्जर आतून जळायचाच असेल तर तो फ्यूज उडायच्या आधीच जळून मोकळा होतो. पण वायर कुठे घासून फ्रेमला लागली, तर बाईकची छोटीशी बॅटरीसुद्धा क्षणात शंभर अँपिअरच्या वर करंट ढकलते, आणि जी वायर आरामात दहा अँपिअर न्यायला बनली आहे ती हीटरच्या कॉईलसारखी तापते. प्लास्टिक वितळतं, शेजारची वायर वितळते, मग ती त्याच्या शेजारची.

म्हणून दोन गोष्टी आपोआप ठरतात. फ्यूजचा आकडा वायर बघून ठरवायचा, वायर जेवढं सोसते त्याच्या वर कधीच नाही. आणि फ्यूजची जागा बॅटरीच्या जवळ, प्लसपासून टिचभर अंतराच्या आत. कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणीच राखणदार नाही, तो जितका छोटा तितकं बरं. लाईटसोबत मिळणाऱ्या तयार वायरिंगमध्ये बऱ्याचदा फ्यूज पार दुसऱ्या टोकाला, लाईटजवळ असतो. तो तिथे शोभेला आहे असं समजा.

फ्यूज बॉक्स म्हणजे काय तर बॅटरीवरून एकच जाड वायर निघणार, तिला एक मेन फ्यूज, ती एका डब्यात जाणार आणि तिथून प्रत्येक वस्तूला वेगळी लाईन, वेगळा फ्यूज. घरी मीटरजवळ एमसीबीचा बोर्ड असतो तेच. बॅटरीवर आपलं थिंबल फक्त एक प्लसला, एक मायनसला.

आधी हिशेब, मग खरेदी

कागद घ्या आणि आत्ता काय लावलं आहे, वर्षभरात काय लावायचं आहे ते लिहा. वॅटला बाराने भागलं की अँपिअर आले. माझा हिशेब असा होता: फॉग लाईट २० वॅटचे दोन, म्हणजे ४० वॅट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. चार्जर १८ वॅटचा, त्यातही थोडी गरमीत जाते, म्हणून पावणेदोन-दोन धरले. दोन विंडटोन हॉर्न मिळून दहाएक अँपिअर, पण ते दाबल्यापुरते. म्हणजे सतत चालणारा लोड साडेपाचच्या आत आणि हॉर्न मारला की पंधरा-सोळा. मेन फ्यूज २० चा पुरतो.

प्रत्येक लाईनचा फ्यूज ठरवायची सोपी रीत अशी की सतत चालणारा लोड फ्यूजच्या पाऊण भागाच्या आत असावा. फॉगला ३.३ लागतात तर ५ चा फ्यूज. चार्जरला ३ चा. हॉर्नला १५ चा. आपल्याकडे हे जरा जास्तच पाळावं, कारण फ्यूज हा शेवटी गरम होऊन वितळणारा तुकडा आहे, सीटखाली आधीच भट्टी पेटलेली असेल तर तो लिहिलेल्या आकड्याच्या थोडा आधीच उडतो. पार काठावरचा फ्यूज लावला तर डिसेंबरात चालेल आणि मे मध्ये भर रस्त्यात दगा देईल.

ब्लेड फ्यूजचे रंग जगभर तेच आहेत, एकदा पाठ झाले की सोपं जातं: ३ जांभळा, ५ फिकट बदामी, साडेसात चॉकलेटी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. ५ आणि ७.५ चा रंग संध्याकाळच्या उजेडात सारखाच दिसतो, आकडा वाचूनच घाला.

आता दुसरी बाजू, गाडी एवढा करंट बनवते का. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालू ठेवणं आलं, म्हणजे तेवढा लोड तुमच्या हातात नाहीच. अल्टरनेटर किती वॅटचा ते मॅन्युअलमध्ये असेल तर बघा, नसेल तर काम झाल्यावर मल्टीमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, पुढे नुसतं मीटर म्हणतो) लावून कळतं, ते पुढे सांगतो. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप मात्र या हिशेबात धरू नका, तो एकटाच आठ-दहा अँपिअर ओढतो आणि सलग पाच मिनिटं ओढतो. त्याला बॅटरीजवळून स्वतःच्या फ्यूजसकट वेगळी पिन द्या आणि इंजिन चालू ठेवूनच वापरा.

काय काय आणलं

सहा लाईनचा ब्लेड फ्यूज बॉक्स, झाकणवाला, आणि ज्याला मायनसची पट्टी पण आहे असा. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. स्वस्तातल्या डब्यात फक्त प्लस असतो, मग मायनससाठी पुन्हा बॅटरीवर थिंबलांची चळत किंवा फ्रेमच्या बोल्टवर जुगाड. शंभर-दोनशे जास्त गेले तरी पट्टीवालाच घ्या. काही डब्यांमध्ये फ्यूज उडाला की छोटा एलईडी लागतो, रात्री लई कामी येतो.

एक चार पिनचा १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ३० किंवा ४० अँपिअरचा, रबर सीलवाला, सॉकेटसकट, आणि हॉर्नसाठी आणखी एक. मेन फ्यूजसाठी वायरीत बसणारा झाकणवाला होल्डर. थिंबल, क्लिप, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसते ती नळी), झिप टाय, वायरीवर चढवायचा नळीदार कव्हर, आणि कापडी हार्नेस टेप. काळी टेप आणू नका, का ते वर सांगितलंच. स्लीव्ह, मीटर, क्रिम्पिंगचा पाना हे सगळं नागपुरात बर्डीत (सीताबर्डीत) मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतं, वायर मात्र ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या, मीटरच्या मापाने मिळते.

वायरीत कंजुषी करू नका. मेन लाईन आणि बॅटरीचा मायनस २.५ स्क्वेअर एमएम, हॉर्नला १.५, फॉगला १, चार्जरला ०.७५. पातळ वायरीने काय होतं ते आकड्यात बघा: जाऊन-येऊन तीन मीटर वायर, करंट दहा अँपिअर. ०.५ ची वायर असेल तर साधारण एक व्होल्ट वायरीतच खपतो. तीच १.५ ची घेतली तर तिसरा हिस्सा. लोक म्हणतात हॉर्न कमजोर आहे, अरे भाऊ हॉर्न चांगला आहे, त्याच्यापर्यंत पोचतच नाही ना काही.

आणि घरच्या फिटिंगची उरलेली वायर वापरू नका, ती इंजिनजवळची गरमी, ऑईल आणि थरथर यासाठी बनलेली नसते. दुकानात वायर घेताना एक तार काढून ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, तिथेच ठेवून या. वरून पांढरी आणि आतून तांबूस असेल तर ती कल्हई केलेलं तांबं, ती उलट जास्त चांगली.

डबा कुठे ठेवायचा

सीटखाली किंवा साईड पॅनलच्या आत. वायरी जोडायच्या आधी डबा, रिले, मेन फ्यूज सगळं जागेवर ठेवून सीट लावून बघा, सीटवर बसून बघा, मागे कोणाला तरी बसवा. माझा डबा नुसत्या डोळ्यांनी छान बसत होता आणि सीट दाबली की फोमखालचा प्लास्टिकचा दांडा बरोबर झाकणावर येत होता.

गाडीच्या चार्जिंग रेग्युलेटरच्या अंगाला डबा लावू नका, तो भरपूर तापतो. फ्रेमला भोक पाडायचं नाही. डबल टेपने चिकटवायचं असेल तर मार्चपर्यंत चिकटून राहील, एप्रिलमध्ये डबा हातात येईल. मी अॅल्युमिनियमची छोटी पट्टी वाकवून सीटखालच्या रिकाम्या बोल्टला कसली आणि तिच्यावर रबराचा तुकडा देऊन डबा बसवला. रिले असा धरायचा की पिना खाली, म्हणजे पाणी साचत नाही. आणि प्रत्येक वायर डब्यात शिरण्याआधी खाली यू आकारात एक झोळ द्या, वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून जातं, डब्यात चढत नाही.

जोडणी

चावी काढा. बॅटरीचा आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना उलट, प्लस आधी आणि मायनस सगळ्यात शेवटी. ही नुसती रीत नाही. मायनस जोडलेला असताना प्लसवर पाना फिरवताना तो फ्रेमला लागला तर सरळ शॉर्ट. मायनस निघालेला असला की पाना कुठेही लागू दे.

आता एकेक. बॅटरीच्या प्लसवरून २.५ ची वायर, टिचभर अंतरावर मेन फ्यूजचा होल्डर, पण फ्यूज आत्ता घालायचा नाही, खिशात ठेवा. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. रिलेच्या ८७ वरून तीच जाड वायर डब्याच्या मेन बोल्टला. डब्याच्या मायनस पट्टीवरून २.५ ची वायर थेट बॅटरीच्या मायनसला. बरेच जण मायनस फ्रेमला मारतात, चालतं ते, पण फ्रेमला रंग असतो, पावसाने गंज चढतो आणि सहा महिन्यांनी लाईट मिचमिच करतो तेव्हा आपण प्लस शोधत बसतो.

रिले कशाला, थेट डब्याला जोडलं तर नाही का चालत? चालतं. पण मग चावी काढली तरी डबा चालू. फॉगचं बटण चालू राहिलं आणि तुम्ही लग्नात जेवायला गेलात तर परत येईपर्यंत बॅटरी बसलेली. बटण बंद असलं तरी काही चार्जर पडल्या पडल्या करंट खातात, तो शंभर मिलिअँपिअर धरला तर ८ अँपिअर-अवरची बॅटरी ८० तासांत रिकामी, म्हणजे सव्वातीन दिवसांच्या जरा वर. रिले असला की चावी काढली की सगळं मेलं.

रिलेची उरलेली दोन पिनं ८५ आणि ८६. ८५ मायनस पट्टीला. ८६ ला चावी लावल्यावर १२ व्होल्ट येणारी गाडीतली एखादी वायर. रिलेच्या कॉईलला दीड-दोनशे मिलिअँपिअरच लागतात म्हणून ही वायर कुठल्याही साध्या लाईटची चालते. रिलेच्या आत डायोड असेल तर, बाजूला छापलेल्या चित्रात दिसतो, ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे उलटं करू नका. आणि पाच पिनचा रिले हाती आला असेल तर ८७ए ला हात लावू नका, ती पिन रिले बंद असताना चालू असते.

कुठली वायर घ्यायची हा या सगळ्यातला एकमेव नाजूक भाग. मी टेल लाईटची घेतली. तिची वायर मागे सीटखालीच सापडते आणि कायम लाईटच्या बऱ्याच गाड्यांमध्ये चावीसोबत ती चालू होते. हे काम बॅटरी काढायच्या आधीच उरकून ठेवा: मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब टेलच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) मागून. चावी बंद तर शून्य, चावी चालू तर बाराच्या आसपास, ब्रेक दाबून बदलत नाही, तीच वायर. ब्रेक दाबल्यावरच जिच्यात करंट येतो ती ब्रेक लाईटची, ती नाही.

ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस, इंजेक्टर, सेन्सर यांच्या वायरींना हात लावायचा नाही म्हणजे नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आलं, एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे प्रदूषण नियम, म्हणजे आताच्या बहुतेक गाड्यांत या वायरी सीटखालीच फिरत असतात आणि दिसायला आपल्या साध्या वायरींसारख्याच. मीटरवर १२ दाखवते म्हणून जोडली आणि एबीएसचा दिवा कायमचा लागला, असं झालेली गाडी मी पाहिली आहे.

टेलची वायर कापायची पण नाही. तसाच नर-मादी कपलर ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, त्याचा एक वीतभर जोड बनवा, त्यातून फाटा काढा आणि मधे घाला. उद्या गाडी शोरूमला न्यायची झाली तर जोड काढला की गाडी जशीच्या तशी. या फाट्यावर पण ३ चा छोटा फ्यूज घाला. ते निळे-लाल प्लास्टिकचे चिमटे मिळतात, वायरीवर दाबले की आतलं पातं वायर चिरून जोड देतं, ते टाळाच, थरथरीने ते पातं हळूहळू तारा कापत जातं आणि पहिल्याच पावसात आत हिरवं साचतं.

थिंबल दाबताना दोन वेळा दाबायचं असतं, एक चिमटा उघड्या तांब्यावर आणि दुसरा वायरीच्या प्लास्टिकवर. हा दुसरा विसरला की सगळी थरथर तांब्यावर येते. पक्कडीने चेपू नका, अडीचशे-तीनशेचा क्रिम्पिंग पाना घ्या. दाबल्यावर वायर जोरात ओढा, अगदी जीव लावून. निघाली तर बरं झालं, आत्ताच निघाली. सोल्डर करू का असं हमखास विचारतात. माझं मत नको, कारण सोल्डरचा वितळलेला धातू वायरीत आतवर शिरतो, तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि कडक भाग जिथे संपतो नेमकी तिथेच काही महिन्यांनी तुटते. घरातल्या रेडिओसाठी सोल्डर, सिंगल सिलिंडर इंजिनवर क्रिम्प आणि वरून स्लीव्ह. स्लीव्ह वायरीत आधी ओवायची, मग थिंबल दाबायचं. हे मी दर तिसऱ्या थिंबलला विसरतो.

वस्तूंच्या वायरी आता डब्यातून पुढे. फॉगचं बटण त्याच्या प्लसच्या वाटेत. हॉर्नला वेगळा रिले लागतो, ओरिजिनल हॉर्नला येणाऱ्या दोन्ही वायरी त्या रिलेच्या ८५-८६ वर दिल्या की काम झालं, दहा अँपिअर डब्यातून जातात आणि हँडलच्या नाजूक बटणावर फक्त कॉईलचा भार येतो. हॉर्नवरून आठवलं, चाल लावून वाजणारे आणि कर्कश हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत, तेवढं बघून घ्या. फॉगचा झोत पण खाली ठेवा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून रात्री अमरावतीकडे जायचं तर जुनाच हायवे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात आपला लाईट गेला तर तो आपल्याच अंगावर येतो.

टाकीखालून वायर नेताना ओरिजिनल हार्नेसच्या सोबतच न्या, कंपनीने ती वाट विचार करून ठरवली असते. मानेजवळ थोडा सैलपणा ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, वायर ताणली जाते का, चिमटते का. पाचवी वायर माझी इथेच टाकीखाली उघडी पडली होती.

चालू करायच्या आधी

इथे बहुतेक जण फ्यूज घालतात आणि चावी फिरवतात. थांबा. ब्रेक लाईटचा २१ वॅटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि मेन फ्यूजच्या जागी तो बल्ब जोडा. आता बॅटरी लावा, प्लस आधी, मायनस शेवटी. कुठे शॉर्ट असेल तर ठिणगी नाही, धूर नाही, फक्त बल्ब पूर्ण पेटतो, कारण तो पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही.

चावी बंद, बल्ब विझलेला पाहिजे. पेटला तर बॅटरी ते रिले या तुकड्यात भानगड आहे. चावी चालू, रिले टक् करून वाजेल, डब्यातले सगळे फ्यूज काढलेले, तरी बल्ब विझलेलाच पाहिजे. मग एकेक फ्यूज घाला आणि ती वस्तू चालू करा. चार्जरला बल्ब लागणार नाही किंवा जरासा मिणमिणेल, फॉगला बल्ब आणि फॉग दोन्ही मंद किंवा लुकलुकतील, ते ठीक. हॉर्न मात्र बल्बवर वाजणार नाही, नुसता कण्हेल आणि बल्ब पेटेल, तो त्याचा स्वभावच आहे. म्हणून हॉर्नच्या लाईनला बटण न दाबता बल्ब विझलेला आहे एवढंच बघायचं. माझा पहिल्या झटक्यात फॉगच्या लाईनला बल्ब फटकन पूर्ण पेटला. शोधलं तर लाईटच्या कपलरमध्ये मीच प्लस-मायनसच्या पिना शेजारी-शेजारी घालताना एक तार बाहेर राहून दुसरीला टेकली होती, केसाएवढी. दहा रुपयांच्या बल्बने वाचवलं.

सगळं नीट वाटलं की बल्ब काढून २० चा खरा फ्यूज घाला आणि मीटर घ्या. इंजिन चालू करून तीनेक हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला पाहिजे. आता फॉग, चार्जर सगळं चालू करून गाडी आयडलवर सोडा. १३ च्या वर राहिलं तर हिशेब जमला. १२.६ किंवा खाली घसरलं तर सिग्नलवर उभी असताना गाडी बॅटरी खाते आहे, व्हरायटी चौकात दोन-दोन सिग्नल उभं राहायचं असेल तर फॉग बंद करायची सवय लावा, किंवा कमी वॅटचे घ्या.

मग फॉग चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा फॉगच्या प्लसवर. जो आकडा येईल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. ०.३ च्या आत असेल तर छान. जास्त आला तर प्रोब एकेक टप्पा मागे आणत जा, होल्डर, रिले, डबा, जिथे आकडा एकदम पडतो तिथलं थिंबल खराब. माझं रिलेच्या सॉकेटमध्ये निघालं, पिन नीट लॉक झाली नव्हती.

शेवटचं, चावी काढून बॅटरीचा मायनस सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकात लाल प्रोब घालून मधे जोडा. आकडा लिहा. आता आपला मेन फ्यूज काढून पुन्हा बघा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत, म्हणजे चावी काढल्यावर आपली जोडणी काही खात नाही. मीटर असा मधे असताना चावी किंवा स्टार्टर लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल, आणि तो आणायला परत बर्डी.

नंतर

तीनशे-चारशे किलोमीटर झाले की एकदा सीट काढून सगळे बोल्ट पुन्हा कसा, सुरुवातीला बसतात ते थोडे. मृगाच्या आधी डब्याचं झाकण उघडून बघा, फ्यूजच्या पायांवर हिरवट पांढरं काही धरलं असेल तर पुसून पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. वॉशिंगवाल्याला सीटखाली प्रेशरने पाणी मारू देऊ नका. आणि गाडी खाली पार्किंगमध्ये राहत असेल तर उंदीर, त्यांना नवीन वायर फार आवडते, नळीदार कव्हर त्यासाठी पण चढवायचं.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. पुन्हा उडाला तर थांबा आणि वायर शोधा, १० चा काढून २० चा घालायचा नाही, आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तर नाहीच, एका टपरीवर हा सल्ला मला खरंच मिळाला होता, चिखलदऱ्याच्या घाटाच्या खाली, धो धो पावसात.

प्रत्येक आकड्याचे दोन-दोन जादा फ्यूज आणि प्लास्टिकचा चिमटा छोट्या पुडीत घालून डब्याशेजारी झिप टायने बांधून ठेवा. साईड पॅनलच्या आतून एक चिठ्ठी लावा: १ फॉग ५, २ चार्जर ३, ३ हॉर्न १५, ४-५-६ रिकामे. पेनाने लिहिलेली माझी पहिली चिठ्ठी जुलैत धुवून गेली, आता पर्मनंट मार्करने सरळ प्लास्टिकवरच लिहिलं आहे.